बिनफोडणीचा उन्हाळा

होळी झाली की उस्मानपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत मिरची कांडपाचं यंत्र सुरू होतं. पहिल्या दिवशी सगळी गल्ली शिंकते. शाळेत जाणारी पोरं, दूधवाला, समोरचे निवृत्त इंजिनिअर, कुणी सुटत नाही. मला तो ठसका फार आवडतो. तरीही यंत्राची पहिली घरघर कानावर आली की मी हातातलं काम टाकून उठते आणि आतल्या खोलीची खिडकी लावून घेते. दरवर्षी. खिडकी लावल्यावर मग आठवतं, की त्या खोलीत आता कुणी झोपलेलं नाही. अक्का शेंद्र्याला आपल्या घरी आहेत, ठणठणीत आहेत आणि बहुधा या घटकेला कुणाला तरी फैलावर घेत असतील. मग मी खिडकी सताड उघडते आणि मनसोक्त शिंकून घेते.

सात वर्षं झाली त्याला. हाताची सवय काही जात नाही.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. मी धाकटी, शाळेत मास्तरीण. त्या शेंद्र्यातलं मोठं घर चालवणाऱ्या. भाऊजी, म्हणजे माझे थोरले दीर, कंपनीत पाळी करतात आणि कारखान्यांना जमीन जाऊन उरलेलं शेत बघतात. अक्कांचं राज्य चुलीपुढं. भावकीत कुठंही लग्न असलं की आमटी अक्कांच्या हातची, हे ठरलेलं. आणि आमटी म्हणजे येसराची. गहू, हरभऱ्याची डाळ, धने, सुकं खोबरं, मिरच्या नि खडा मसाला वेगवेगळा भाजून, एकत्र दळून जे पीठ होतं ते येसर. ते पाण्यात कालवून खमंग फोडणीवर ओतलं की जी आमटी उकळते, तिच्यासाठी माणसं दोन घास भात जास्त मागून घेतात. आमच्या घराण्यात लग्नाचं येसर थोरल्या सुनेनंच भाजायचं असा रिवाज आहे. तेव्हा मला त्या घराची सून होऊन तीस वर्षं झाली होती, पण भाजणीच्या उलथन्याला मी कधी हात लावला नव्हता. लावू दिलाही नसता.

त्या वर्षी माघात अक्कांच्या छातीतली गाठ काढली. होळीपासून केमो सुरू करायचं ठरलं. एकवीस दिवसांनी एक, असे सहा डोस. दवाखाना आमच्या घरापासून जवळ, म्हणून अक्का आमच्याकडे राहायला आल्या. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात पत्र्याचा डबा. डब्यात दोन किलो येसर.

"अक्का, दवाखान्यासाठी येताय, हे कशाला?"

"मंग रिकाम्या हातानं येऊ काय दिराच्या घरी?"

त्यांची मुलगी मंगल हिचं लग्न नुकतंच ठरलं होतं. दिवाळीनंतरची तारीख. पाहुणे म्हणाले, लग्न वर्षभर पुढं ढकलू. अक्कांनी साफ नकार दिला. "तारीख हलवायची नाय. दिवाळीपस्तोर माजं सगळं उरकतंय. येसर मीच भाजनार." झालं. आता हा शब्द पाळायचा म्हणजे सहाच्या सहा डोस वेळेवर व्हायला हवेत, आणि त्यानंतर अक्कांना तापल्या कढईपुढं उभं राहता यायला हवं.

आणि मी काय केलं? मोठ्या हौसेनं पहिल्याच दिवशी घात केला.

आपल्याकडे कुणी परीक्षेला, कोर्टात किंवा दवाखान्यात निघालं की त्याला आवडीचं खाऊ घालून पाठवतात. पोटात आवडीचं गेलं की अंगात बळ येतं, अशी आपली पक्की समजूत. पहिल्या डोसच्या दिवशी मी पहाटे उठले. अक्कांच्याच डब्यातलं येसर काढलं, लसणाची झणझणीत फोडणी केली, वर गरम भात. तीस वर्षं त्यांच्या हातची आमटी खाल्ली होती, आज पहिल्यांदा त्यांना करून वाढत होते. अक्का दोन वाट्या जेवल्या. म्हणाल्या, "जमली की गं." मी दिवसभर त्या शब्दांवर तरंगत होते.

संध्याकाळी सुरू झालं. ते वर्णन करत नाही. ज्यांनी पाहिलं आहे त्यांना सांगायची गरज नाही आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांना ते न दिसो. तीन दिवस बादली आणि अक्का. चौथ्या दिवशी जरा उठून बसल्या आणि स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आल्या. फळीवरचा तो पत्र्याचा डबा दिसला मात्र, बंद डबा, तरी त्यांचा चेहरा पांढरा झाला आणि भिंत धरून परत फिरल्या. स्वतःच्या हातच्या येसराकडे बघून. मी तो डबा माळ्यावर टाकला, पण अक्कांना माळ्यावरूनही वास येई. शेवटी वरच्या मजल्यावरच्या सलमा आपांकडे ठेवायला दिला.

दुसऱ्या डोसच्या वेळी दवाखान्यातल्या सिस्टरनं आधी वजन केलं. चार किलो उतरलं होतं. डॉक्टर म्हणाले, "या वेळी देतो. पण पोटात काहीच टिकलं नाही तर पुढचा डोस लांबवावा लागेल आणि लांबवणं चांगलं नाही." सिस्टरनं विचारलं, मागच्या वेळी घरून काय खाऊन आलात? मी अभिमानानं सांगितलं.

"अहो मावशी! डोसच्या दिवशी आवडीचं कधी द्यायचं नसतं. त्या दिवसाची मळमळ त्याच पदार्थाला चिकटून बसते. कधीकधी कायमची. आवडीचं जपून ठेवायचं."

तीस वर्षं पोरांच्या चुका लाल शाईनं काढलेल्या मी. मान खाली घालून उभी राहिले. अक्काच मधे पडल्या. "तिला काय बोलू नका, सिस्टर. लेकरू परीक्षेला निघालं की दही-साखर देतेतच ना. तिनं तसंच केलं."

मग खुर्चीत बसता बसता विचारलं, "पन मंग नावडतं खाल्लं तर चालतंय का?"

"चालतं की. तेच गेलं तर काय बिघडलं?"

"शालन, मला उपमा लई नावडतो. डोसच्या दिवशी उपमा कर."

मला त्या क्षणी हसू फुटलं आणि रडूही. त्यानंतरच्या चारही डोसांना अक्का उपमा खाऊन गेल्या. "काय व्हायचं ते उपम्याचं होऊ दे," म्हणायच्या.

पाचशे पानांची पंगत उठवणारी बाई होती ती. मळमळीलाही तिनं पंगतीसारखंच हाताळलं. आधी यादी. अक्कांना वाचायला फारसं येत नाही, घड्याळ मात्र येतं. सिस्टरला त्यांनी एकेक प्रश्न विचारून घेतला आणि उत्तरं मी शाळेच्या वहीत लिहून घेतली. पहिल्या वेळी मळमळीच्या गोळ्या त्यांनी वाचवून ठेवल्या होत्या. उलटी झाली की घेऊ, उगाच कशाला आधी, असा हिशेब. सिस्टरनं समजावलं, की गोळी खाण्याच्या अर्धा तास आधी, उलटीची वाट न बघता. अक्कांना ते लगेच पटलं. "म्हंजे मिरचीवर फवारा मारल्यावानी. कीड दिसल्यावर मारून काय उपेग?" संकष्टीचा उपवासही त्यांनी सोडला, कारण रिकाम्या पोटी जास्त ढवळायचं. गणपतीला हात जोडून सांगितलं, की दिवाळीनंतर मागचे-पुढचे सगळे करीन, आता मधे बोलू नको.

दर दोन तासांनी मूठभर काहीतरी. उठायच्या आधी, अंथरुणातच, ज्वारीच्या कोरड्या लाह्या. दुपारी माठातलं थंडगार आंबील, कारण गार पदार्थाला वास कमी. स्टीलच्या चमच्यानं तोंडात लोखंडाची चव यायची म्हणून लाकडी चमचा. पाणी जेवताना नाही, मधल्या वेळी, घोट घोट. हे सगळं आज मी भराभर लिहिते आहे, पण त्यातली एकेक गोष्ट अक्कांनी एकेका वाईट दिवसाच्या बदल्यात शिकून घेतली होती.

आणि पदराच्या टोकाला बांधलेलं लिंबू. कुठूनही वास आला की अक्का पदर नाकाशी नेत आणि नखानं लिंबाची साल जराशी टोकरत. आमच्याकडे आजारी माणसाला बघायला येण्याची रीत मोठी दांडगी. येणारा रिकामा येत नाही. कुणी धपाटे आणी, कुणी तळलेल्या मिरच्या, कुणी डोक्यात मोगऱ्याचा भरगच्च गजरा माळून येई. सगळं प्रेमानं आणि सगळं घमघमणारं. अक्कांनी त्यांना बाल्कनीत बसवायचं ठरवलं, स्वतः उंबऱ्याच्या आत. एकदा गावाकडच्या एक चुलतसासूबाई त्या लिंबाकडे बघून म्हणाल्या, "बरं केलंस बाई. नजर लई वंगाळ असती." अक्कांनी गंभीरपणे मान हलवली. त्या गेल्यावर पलंगावर पडून इतक्या हसल्या, की मला वाटलं आता पुन्हा बादली आणावी लागते.

माझ्या घरात त्या उन्हाळ्यात फोडणी बंद झाली. कांदा परतणं बंद, लसूण बंद, पापड भाजणं बंद. आमचे हे उकडलेलं वरण आणि दुधी बिनतक्रार जेवत. मी त्यांच्या संयमाचं कौतुक करत होते. एके दिवशी जिन्यात गेले तर हे पायरीवर बसून बरणीतून लोणचं खात होते. मला बघून दचकले. मी शेजारी बसले आणि एक फोड मीही घेतली.

पण आमची चूल थंड होती म्हणून काय झालं? सलमा आपांच्या स्वयंपाकघराची खिडकी आणि अक्कांच्या खोलीची खिडकी एकाच डक्टमध्ये उघडतात. आपांना बोलायला माझी जीभ रेटत नव्हती. दुसऱ्याच्या घरात काय शिजावं हे सांगणारी मी कोण? त्यातून वैशाखात रमजान लागला. एक दिवस दुपारी आपा स्वतःच खाली आल्या, हातात दौलताबादच्या माहेराहून आलेल्या कैऱ्या.

"अक्का, सच्ची बोलो. हमारे सालन की बास आती ना तुमारे कमरे में?"

अक्का म्हणाल्या, "येतो की रश्श्याचा. पन वास वाईट नाय आपा, माजं नाक वाईट झालंय."

आपा कैऱ्या ठेवून वर गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांची शेगडी गच्चीवर गेली. मी कपडे वाळत घालायला गेले तेव्हा बघितलं. पत्र्याचा एक तुकडा दोन टाक्यांच्या मधे टेकवून केलेली सावली, आणि त्याखाली ही बाई, रोज्याच्या कोरड्या तोंडानं, आमच्या गावच्या वैशाखात, इफ्तारचा स्वयंपाक करत होती. मी काहीतरी म्हणायला गेले तर मला हातानंच थांबवलं. "नक्को भाभी. उपर हवा अच्छी है." हवा! गच्चीवर अनवाणी पाऊल टेकवत नव्हतं. त्या माऊलीचे मी आजवर आभार मानलेले नाहीत, कारण मानू गेले की त्या विषय बदलतात.

अक्कांचं नाक वाईट झालेलं नव्हतं, भलतंच तीक्ष्ण झालं होतं. त्यांनी त्याचाही उपयोग करून घेतला. डोळे मिटून पडलेल्या असायच्या आणि एकेक ओळखून सांगायच्या, "खालच्याकडं आज शेपू. समोर दूध उतू गेलंय. कुनीतरी नवा साबन काढलाय." मी विचारलं, कशाला त्या वासांच्या मागे लागता, दुर्लक्ष करा. त्या म्हणाल्या, "दुर्लक्ष केलं की अंगावर येतेत. नाव घेऊन हाक मारली की गप बसतेत." शाळेतल्या मागच्या बाकांवरच्या पोरांना आवरायला मला ही युक्ती कुणी आधी सांगायला हवी होती.

सगळेच दिवस असे नव्हते. चौथा डोस फार जड गेला. दोन दिवस काहीच टिकेना. तिसऱ्या दुपारी अक्का बादलीशेजारी जमिनीवरच बसल्या, डोक्याचा रुमाल सुटलेला, आणि म्हणाल्या, "शालन, आता नगं मला. सांग डॉक्टरला. बास झालं." शेंद्र्याहून आलेले भाऊजी दारात उभे होते. ते तोंड फिरवून बाहेर गेले. वर्गात इतकी वर्षं बोलत आले, पण त्या दुपारी मी नुसती त्यांची पाठ चोळत बसले. त्यांचा मणका न् मणका हाताला लागत होता. आमटी मीच करून घातली होती, हे मनातून जात नव्हतं.

मग अक्कांनी चूळ भरली. तोंड पुसलं. पदरातलं लिंबू हुंगलं.

"लाह्या दे."

मी मूठभर काढल्या.

"मुठीचं नाव काढू नको. तीन दे."

तीन लाह्या. एक तोंडात ठेवून विरघळू दिली, मग दुसरी, मग तिसरी. घड्याळाकडे बघत बसल्या. पंधरा मिनिटांनी म्हणाल्या, "ऱ्हायल्या. आता पाच दे." संध्याकाळपर्यंत आम्ही मुठीवर आलो. मी आयुष्यात मोठी माणसं थोडीफार बघितली आहेत. शाळेच्या समारंभांना पाहुणे येत, पराक्रमाच्या गोष्टी सांगत. पण पराक्रम म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं ती फरशी येते आणि तळहातावरच्या त्या तीन लाह्या. पाचव्या डोसच्या वेळी सिस्टरनं काटा बघितला आणि माझ्याकडे वळून हसली. वजन जिथल्या तिथं होतं.

शेवटच्या डोसाला हॉलमध्ये एक तरुण बाई पहिल्यांदाच आली होती. घाबरलेली. तिच्या आईनं डब्यात काहीतरी आणलं होतं. सलाईन लावलेल्या हातानं अक्कांनी तिला खुणावलं. "काय हाय डब्यात?" ती म्हणाली, पुरणपोळी, मला फार आवडते म्हणून आईनं केली. "मंग झाक तो डबा. आज खाऊ नको. आवडीचं हाय ना? जपून ठेव, नंतर लागतंय." मी शेजारच्या स्टुलावर बसले होते. अक्कांनी माझ्याकडे बघितलं नाही, आणि ते मुद्दाम बघितलं नाही हे मला कळलं.

दिवाळी झाली. शेंद्र्याला अंगणात मोठी कढई चढली. अक्कांच्या डोक्यावर बोटभर केस आले होते, पदराला लिंबू होतं. धने तडतडले, खोबरं लालसर झालं, मिरच्यांचा धूर उठला आणि भावकीतल्या बायका खोकत मागे सरल्या. अक्का हलल्या नाहीत. मधून मधून पदर नाकाशी नेत राहिल्या, पण उलथनं सोडलं नाही. मंगलच्या लग्नाचं येसर थोरल्या सुनेनंच भाजलं. लग्नाच्या दिवशी आमटीला उकळी आली तेव्हा त्यांनी मला हाक मारली. "शालन, मीठ बघ."

मी! धाकटी! मला काय वाटलं असेल ते सासरी तीस वर्षं धाकटी राहिलेल्या बाईलाच कळेल. मी चाखलं आणि म्हटलं, बरोबर आहे. तेव्हापासून दरवर्षी होळीनंतर येसर झालं, की पहिल्या आमटीच्या दिवशी मला शेंद्र्याहून फोन येतो. मी जाते, मीठ बघते, मिरवते.

दोन वर्षांमागं भाऊजी सहज बोलून गेले, "ती कुठं आमटी खाती? दुखन्यापासून तोंडाला लावली नाय तिनं." मी तशीच उठून आत गेले. अक्का ताकात भाकरी कुस्करत होत्या.

"अक्का, खरं?"

"अगं, वास सोसतोय, भाजायला येतंय. तोंडाजवळ आली की पोटात कालवतंय. मंग मीठ कोन बघनार? म्हनून तुला बोलावते."

"मला एवढी वर्षं सांगितलं का नाही?"

"काय सांगू? तू पाटं उठून जीव लावून केली व्हतीस."

त्या दिवशी मी परतीच्या बसमध्ये खिडकीकडे तोंड करून रडले. बाईनं सगळं परत मिळवलं होतं, केस, वजन, चुलीपुढची जागा. माझ्या हौसेपायी गेलेली तेवढी एक चव परत आली नव्हती, आणि ती गेली हे मला कळू नये म्हणून तिनं मला मान दिला होता.

यंदा गल्लीतलं यंत्र सुरू झालं, मी खिडकी लावली, उघडली, शिंकले आणि रविवारी शेंद्र्याला गेले. आमटी उकळत होती. मी नेहमीसारखी चमचाभर तळहातावर घेतली, चाखली. "बरोबर आहे, अक्का." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग काय मनात आलं कोण जाणे, डावातल्या आमटीत त्यांनी करंगळी बुडवली आणि जिभेवर ठेवली.

मी बादली शोधू लागले. सात वर्षांपूर्वीची सवय. अक्का डोळे मिटून उभ्या होत्या, घड्याळाकडे बघत बसायच्या तशाच निश्चल. चुलीतलं लाकूड फुटल्याचा तेवढा आवाज.

त्यांनी डोळे उघडले. पदर नाकाशी गेला नव्हता.

"शालन, मीठ कमी हाय."

"अं?"

"लई कमी हाय. सात वर्षं तू असंच बघतीस व्हय?"

बाहेरच्या ओसरीवरून भाऊजींचा आवाज आला, "सातबी वर्षं! पन बोलायचं कुनी?"

साऱ्या भावकीनं सात वर्षं माझी अळणी आमटी मुकाट्यानं खाल्ली होती, लग्नातसुद्धा. मला लाज वाटायला हवी होती. मी उंबऱ्यात बसले आणि हसता हसता रडू लागले. अक्कांनी माझ्याकडे लक्ष दिलं नाही. त्यांनी मिठाच्या बरणीतून चांगली मोठी चिमूट घेतली, कढईत टाकली, डाव फिरवला आणि दुसऱ्यांदा बोट बुडवलं.